खाऱ्या पाण्याचे मत्स्यालय
(आपल्या मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात हुडकेश्वर येथे दिलेले व्याख्यान)



दरवर्षी या मेळाव्यात आमच्या वाट्यास येणारा विषय ठरलेला असतो, तो म्हणजे मुलांचे शिक्षण. यंदा चिटणिसांनी मोठ्या मनाने आम्हांस विषयाची मोकळीक दिली, आणि आम्ही तिचा फायदा घेऊन आपणांपुढे खाऱ्या पाण्याची गोष्ट सांगावयास उभे राहिलो आहोत. हुडकेश्वरात बसून समुद्राची गोष्ट सांगणे म्हणजे वाळवंटात होडीचे गुणगान करण्यासारखे आहे, हे आम्ही जाणतो. येथून कोणत्याही दिशेस निघाले तरी समुद्र शेकडो मैल दूर. तथापि, गेल्या काही वर्षांत आमच्या घरच्या ओसरीवर चार फूट लांबीचा एक समुद्र नांदत आहे. तो कसा आला, त्याने आमची फजिती कशी केली आणि ती फजिती कोणी निस्तरली, एवढेच आज सांगावयाचे आहे.

आपण ढिवर मंडळी गोड्या पाण्याची माणसे. आमचे वडील नवेगावबांधच्या बाजूचे. मालगुजारी तलावांवर ज्यांची पिढ्यान्‌पिढ्या गुजराण झाली त्यांपैकी ते एक. १९५१ साली मालगुजारी संपुष्टात आली, तलाव सरकारजमा झाले, पुढे कोठे गाळ साचला, कोठे बेशरमीची झुडपे माजली, आणि वडिलांनी नागपूरचा रस्ता धरला. त्या काळी हुडकेश्वर हे खेडेच होते. महानगरपालिकेच्या हद्दीत ते आले २०१३ मध्ये. आज जेथे ले-आऊट पडले आहेत तेथे आम्ही लहानपणी डबक्यांतून शिंगी आणि मरळ हातांनी धरलेली आहे. मरळ पाण्याबाहेर काढली तरी बराच वेळ जिवंत राहते, कारण वरची हवा घेण्याची वेगळी सोय तिच्या डोक्यात निसर्गाने केलेली असते, हे आम्ही शाळेत शिकलो नाही, टोपलीत पाहून शिकलो.

शिक्षकाची नोकरी लागल्यावर जाळे सुटले, पण मासा सुटला नाही. वर्गात एक काचेची पेटी ठेवली, तीत गप्पी सोडले. पुढे घरी गोल्डफिश, एंजल, मोली असा संसार वाढत गेला. पाणी रात्रभर शिळे करून मगच टाकावे, म्हणजे त्यातील क्लोरीन उडून जाते. खाद्य चिमूटभरच द्यावे. पाणी एकदम सगळे बदलू नये. हे सारे आम्ही तीस-पस्तीस वर्षे केले, आणि दुसऱ्यांना सांगितलेही. परिसरातील कोणाची मासळी आजारली की तो प्रथम आमच्या दारी येई. सांगावयाचे तात्पर्य, मास्तरकीचा आणि जातीचा असा दुहेरी अभिमान आमच्या अंगी पुरेपूर मुरला होता.

तरुणपणी शाळेच्या सहलीबरोबर आम्ही मुंबईस गेलो होतो, तेव्हा मरीन ड्राइव्हवरील तारापोरवाला मत्स्यालय पाहिले. ते १९५१ साली राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते उघडले गेले होते, आणि ज्या पारशी गृहस्थांनी त्यास देणगी दिली त्यांचेच नाव त्यास होते. तेथील समुद्री माशांचे रंग पाहून आमचे विद्यार्थी गप्प झाले होते. सहलीस गेलेली मुले गप्प होणे ही केवढी दुर्मीळ घटना आहे, हे येथील शिक्षकबंधूंना सांगावयास नको. तेव्हापासून एक इच्छा मनात घर करून बसली होती. सेवानिवृत्तीनंतर आमच्या नातीने चित्रपटातला पांढऱ्या पट्ट्यांचा नारिंगी मासा पाहिला आणि ‘आजोबा, हा आपल्याकडे का नाही?’ असे विचारले. त्यावर आम्ही जे उत्तर दिले ते आजही आम्हांस बोचते. आम्ही म्हणालो, ‘त्यात काय मोठेसे? पाण्यात मीठ घातले की झाले.’

मंडळी, झाले नाही.

प्रथम मिठाचेच पाहू. स्वयंपाकाचे मीठ म्हणजे जवळजवळ निव्वळ सोडियम क्लोराइड. समुद्राचे पाणी तसे नसते. एक लिटर समुद्रजलात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यांत क्लोराइड शेकडा ५५, सोडियम शेकडा ३०, आणि उरलेल्यात सल्फेट, मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम असा परिवार. चॅलेंजर नावाच्या ब्रिटिश जहाजाने १८७२ ते १८७६ या काळात जगाचे समुद्र पालथे घातले, आणि तेथून आणलेल्या पाण्याच्या ७७ नमुन्यांचे पृथक्करण डिटमार नामक रसायनशास्त्रज्ञाने १८८४ मध्ये प्रसिद्ध केले. त्यात असे दिसले की खारटपणा कोठे कमी, कोठे अधिक असेल, परंतु या क्षारांचे परस्परांशी प्रमाण सर्वत्र जवळजवळ एकच. यामुळेच तयार समुद्री मिठाची पिशवी आणून नागपुरात समुद्र कालवता येतो. अर्थात ही युक्तीही नवी नव्हे. १८५३ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात पहिले सार्वजनिक मत्स्यालय उघडले, आणि पुढल्याच वर्षी फिलिप हेन्री गॉस या निसर्गाभ्यासकाने मोजक्या क्षारांच्या मिश्रणापासून समुद्रजल बनविण्याची रीत प्रसिद्ध केली.

आमची टाकी चार फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच. दगड-वाळू टाकून आणि वर काही जागा सोडून तीत दोनशे लिटर पाणी मावते. मुलांनो, त्रैराशिक मांडा : लिटरला ३५ ग्रॅम, तर दोनशे लिटरला सात किलो. घरच्या बोअरचे पाणी जड असल्याने ते वर्ज्य केले, आणि गाळणयंत्राचे, ज्यास आपण सर्व आरओ म्हणतो, ते पाणी साठवून त्यात मीठ विरघळविले. खारटपणा मोजण्यास हायड्रोमीटर आणला. दूधवाल्याचे लॅक्टोमीटर ज्यांनी पाहिले असेल त्यांनी तेच समजावे. गोड्या पाण्यास १.००० आकडा येतो, समुद्राच्या पाण्यास १.०२५ च्या आसपास. आमचा बरोबर आला. त्या आकड्याकडे आम्ही परीक्षेच्या निकालाकडे पाहावे तसे पाहिले आणि ते यंत्र कपाटात ठेवून दिले. ही पहिली चूक. तिचे फळ पुढे येईल.

दगडांविषयी एक सांगितले पाहिजे. समुद्री टाकीत सच्छिद्र दगड लागतो, कारण त्याच्या छिद्रांत ते सूक्ष्म जंतू राहतात जे माशांच्या मलमूत्रातील अमोनियाचे प्रथम नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. एका विक्रेत्याने आम्हांस ‘खाडीकडचे जिवंत प्रवाळ’ हळूच देऊ केले. आम्ही हात जोडले. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाखाली २००१ पासून प्रवाळ आणि समुद्री घोडे यांस वाघाच्या पंक्तीचे संरक्षण आहे. कायद्याचा धाक बाजूस ठेवला तरी, ज्यांचे तलाव गेले त्यांनी दुसऱ्याचे प्रवाळ उपटून ओसरी सजवावी हे आम्हांस पटले नाही. आम्ही कोरडे, भाजलेले, कृत्रिम दगड आणले. हाच नियम माशांसही लावला. विदूषक माशांची पैदास बंदिस्त जागेत करण्यात आपल्या देशातील केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेस यश आलेले आहे, त्यामुळे समुद्रातून पकडलेला मासा घेण्याचे कारण उरत नाही.

महाशिवरात्रीस, २०२३ साली, टाकी भरली. त्यात कोळंबीचा एक तुकडा कुजावयास टाकला, म्हणजे अमोनिया तयार होऊन जंतूंस अन्न मिळावे. रामनवमीपर्यंत चाळीस दिवस टाकीत केवळ दगड आणि पाणी. शेजारी येत, रिकामी टाकी पाहत, आणि ‘गुरुजी, मासे लपले आहेत का?’ असे विचारून जात. हा धीर गोड्या पाण्यातही धरावयाचा असतो, पण तेथे थोडी घाई खपून जाते. येथे खपत नाही, त्याचे कारण सामू. गोड्या पाण्याचा सामू सातच्या आसपास असता अमोनियाचा शेकडा एक भागही विषारी रूपात नसतो. समुद्राच्या पाण्याचा सामू ८.२ च्या सुमारास, आणि तेथे तोच विषारी अंश दहापट होतो. म्हणून जो सैल हात तीस वर्षे चालला तो येथे चालणार नव्हता.

चैत्र सरत असता मासे आणले. दोन विदूषक आणि तीन निळे डॅमसेल. सोबत नातीने हट्ट धरून आपली काळी मोलीही त्या टाकीत पाठविली. येथे पुष्कळांना आश्चर्य वाटेल, परंतु मोली हा मासा सावकाश सवय लावली तर समुद्राच्या पाण्यातही नांदतो. आम्ही वेगळ्या भांड्यात आठ दिवस थोडे थोडे खारे पाणी वाढवीत नेले, आणि ती बाईसाहेब डुलत डुलत समुद्रवासी झाल्या.

इतर गोड्या पाण्याच्या माशांना हे का साधत नाही, ते आपल्या स्वयंपाकघरात दिसते. मनुका पाण्यात टाकली की फुगते, आणि कैरीच्या फोडींना मीठ लावले की त्यांस पाणी सुटते. माशाच्या रक्तातील क्षार समुद्राच्या मानाने ढोबळमानाने एक तृतीयांश. म्हणून गोड्या पाण्यातला मासा मनुकेसारखा असतो. त्याच्या अंगात पाणी सारखे शिरते, आणि ते पातळ मूत्रावाटे बाहेर टाकण्यात त्याचा मूत्रपिंड गुंतलेला असतो. समुद्रातला मासा कैरीच्या फोडीसारखा. त्याचे पाणी सारखे बाहेर ओढले जाते, म्हणून तो समुद्र पितो, अक्षरशः पितो, आणि मीठ कल्ल्यांतील खास पेशींवाटे बाहेर फेकतो. होमर स्मिथ या शास्त्रज्ञाने समुद्री माशांचे हे पाणी पिणे १९३० मध्ये दाखवून दिले. भर समुद्रात राहून तहानलेला, अशी त्याची अवस्था. त्याच्या पाण्यात मीठ जितके वाढेल तितके त्याचे कष्ट वाढतात. हे वाक्य कृपया ध्यानात ठेवावे, कारण आम्ही ते पुस्तकात वाचूनही ध्यानात ठेवले नाही.

वैशाख आला. नागपूरचा उन्हाळा आपणांस सांगणे नको. टाकीचे पाणी ३१ अंशांवर गेले. समुद्री माशांस २५ ते २७ अंश मानवतात. शिवाय खाऱ्या पाण्यात प्राणवायू मुळातच कमी विरघळतो. त्याच उष्णतेच्या गोड्या पाण्याच्या मानाने सुमारे पाचवा हिस्सा कमी. पाणी थंड करणारे यंत्र घेण्याची आमच्या पेन्शनची ऐपत नव्हती. मग आम्ही कूलरचे तत्त्व लावले. पाण्याच्या पृष्ठभागावर दोन लहान पंखे सोडले, वीज गेली तर इन्व्हर्टर. पारा २७ वर आला. आम्ही स्वतःवर प्रसन्न झालो.

पंख्यांनी रोज तीन लिटर पाणी उडत असे. रोज सकाळी आम्ही तयार करून ठेवलेल्या खाऱ्या पाण्याच्या पिंपातून तीन लिटर घालून पातळी भरून काढीत असू. टाकीत जे पाणी आहे तेच टाकीत घालावे, ही तीस वर्षांची शिस्त!

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात पहिला डॅमसेल गेला. दोन दिवसांत तिन्ही गेले. मग लहान विदूषक. आम्ही अमोनिया तपासला, काही नाही. नायट्राइट, काही नाही. औषधाची बाटली हाती घेतली होती. ती तांब्याची होती, आणि तांबे हे कोळंबी-शंखांदि जीवांस जालीम विष आहे. टाकीत दोन शंख होते म्हणून हात थांबला, इतकेच. मोठा विदूषक कोपऱ्यात तोंड उघडझाप करीत पडला होता. नात शाळेच्या सुटीत घरीच होती. तिने रडतारडता विचारले, ‘आजोबा, तुम्हाला तर माशांचे सगळे माहीत आहे ना?’ सदतीस वर्षांच्या नोकरीत विद्यार्थ्यांच्या प्रश्नाला उत्तर नाही असे प्रसंग आले, नाही असे नाही. पण त्या वेळी आम्ही ‘उद्या पाहून सांगतो’ असे म्हणत असू. त्या दिवशी तेवढेही म्हणवले नाही.

योगायोगाने त्याच सायंकाळी आमचे थोरले बंधू गावाकडून आले. दादा शाळेत दुसरीपलीकडे गेले नाहीत. त्यांनी हयात जाळ्यात घालविली, आणि अद्यापही तलावाच्या सहकारी संस्थेच्या ठेक्यावर जातात. समुद्र त्यांनी उभ्या जन्मात पाहिलेला नाही. ते टाकीपुढे उकिडवे बसले, बराच वेळ काही बोलले नाहीत. मग काचेच्या वरच्या कडेला जमलेला पांढरा थर त्यांनी नखाने खरवडला आणि जिभेला लावला.

‘मास्तर, हे काय हाये?’

‘मीठ आहे, दादा. पाणी उडाले की राहते.’

‘पानी उडते, तं मीठ बी उडते काय?’

‘नाही. मीठ कसे उडेल?’

‘मंग रोज नवं मीठ कायले टाकतेस बा? उन्हाळ्यात तळं आटते तं चिखल थोडीच आटते! तो तं तितलाच राहते, पानीच घट्ट होते.’

आम्ही उभेच होतो, ते खाली बसलो. मग उठून कपाटातून हायड्रोमीटर काढला. आकडा १.०३४! आता त्रैराशिक आमच्यावरच उलटले. रोज तीन लिटर, लिटरला ३५ ग्रॅम, म्हणजे रोज शंभराहून अधिक ग्रॅम. वीस दिवसांत दोन किलोंच्या वर. दोनशे लिटरांत लिटरमागे दहा ग्रॅम अधिक, पस्तिसाचे पंचेचाळीस. चौथीच्या मुलाने सोडविले असते असले हे गणित आमच्या ओसरीवर वीस दिवस पडून होते, आणि आम्ही त्याच्यासमोर खुर्ची टाकून वर्तमानपत्र वाचीत होतो. गोड्या पाण्याच्या टाकीतही पाणी उडते आणि मागे क्षार राहतातच, पण ते इतके अल्प की पाण्याची नित्याची बदली त्यांस पोटात घालते. तेथे पाण्यात पाणी घालणे ही शिस्त होती. येथे तीच हत्या झाली.

उपाय दादांना विचारला. ‘उतरव, पन हळू’ एवढेच ते म्हणाले. पाच दिवस रोज दहा लिटर खारे पाणी काढून तितकेच साधे पाणी घातले, शिवाय उडालेल्याच्या जागीही साधेच. रोज आकडा थोडा थोडा खाली आला, आणि पाचव्या दिवशी पुन्हा पस्तिसावर ठरला. मोठा विदूषक तिसऱ्या दिवशी खाद्यास तोंड लावू लागला. या साऱ्या काळात ज्या एका जीवास काहीच झाले नाही ती म्हणजे नातीची काळी मोली. ती आपली शेवाळ खात हिंडत होती. दादा तिच्याकडे बोट दाखवून म्हणाले, ‘हे आपलं मानूस दिसते.’

आता दोन शब्द तरुणांसाठी, कारण मेळाव्यानंतर काही जण आम्हांस गाठून विचारणार आहेत की या धंद्यात पैसा आहे काय. शोभेच्या माशांना शहरात मागणी आहे हे खरे. परंतु कर्ज काढून खाऱ्या पाण्यात उतरू नका. मीठ, दगड, फेस काढणारे यंत्र, वीज, यांचा खर्च मासा विकत घेण्यापूर्वीच सुरू होतो, आणि एका उन्हाळ्याची चूक सर्व भांडवल घेऊन जाते. हे फेसाचे यंत्र बारीक बुडबुड्यांवर मळ चढवून बाहेर काढते. ते खाऱ्या पाण्यातच नीट चालते, गोड्या पाण्यात तसा फेस धरत नाही. ज्यांना धंदाच करावयाचा असेल त्यांनी गप्पी, मोली, गोल्डफिश यांची पैदास सिमेंटच्या हौदांत करावी. ते पाणी आपल्या ओळखीचे आहे. ज्यांस छंद म्हणून समुद्र हवा असेल त्यांनी मोठी टाकी घ्यावी, कारण लहान टाकीत चूक लवकर घट्ट होते. मासे थोडे ठेवावेत. हायड्रोमीटर कपाटात ठेवू नये. आणि घरातील ज्या वडीलधाऱ्या माणसास लिहितावाचता येत नाही त्यास टाकीपुढे एक पाट टाकून द्यावा.

त्या वर्षीच्या दिवाळीनंतर आम्ही दुसरा लहान विदूषक आणला. या जातीत सर्व पिले प्रथम नर असतात, आणि जोडीतील मोठा मासा पुढे मादी होतो. आमच्या जुन्या विदूषकाने ती पदोन्नती घेतली असावी असे वाटते, कारण धाकट्यास धाक दाखवून झाल्यावर आता दोघे एकाच दगडाआड झोपतात. मोली म्हातारपणाने गेली. तिला नातीने अंगणातील कढीपत्त्याच्या मुळाशी पुरले.

टाकीच्या काचेवर आम्ही काळ्या रंगाने एक आडवी रेघ ओढली आहे. पाणी त्या रेघेखाली उतरले की साधे पाणी घालावयाचे, हे काम नातीकडे आहे. दादा हुडकेश्वरास आले की चहा घेण्याआधी ती रेघ पाहतात, काचेची कड नखाने खरवडतात, आणि जिभेला लावतात.